न सांगितलेली ओळ

चिंचोका वाटीच्या काठाला अडकून राहिला, मग आत पडला — पंधरावा. मसाल्याचा डबा आज धुऊन वाळवलेला, म्हणून त्यातल्या दोन वाट्या प्रेमलताच्या वाट्याला आलेल्या: एक मोजायची, एक बेरजेची. खरा संगणक तिनं एकदाच पाहिला होता, सीताबर्डीच्या बाजारात, दुकानाच्या काचेपलीकडे, कापडाखाली झाकलेला. घरी होतं ते टपालानं येणारं संगणक-शिकवणीचं पुस्तक, आणि दुसऱ्यांदा परत आलेली उत्तरपत्रिका... त्याच लाल शेऱ्यासह — ‘हा प्रोग्राम कधीच थांबणार नाही.’

पण थांबतो की. एक ते पाचची बेरीज, दर वेळी पंधराच. मग माझ्या डोक्यातच काही कमी असेल... आज चूक सापडली नाही तर पुस्तक ट्रंकेत, कायमचं, असं तिनं सकाळी पोळ्या लाटताना ठरवलं होतं.

सासूबाई, अंजनाबाई, डबा न्यायला आल्या नि तिथंच टेकल्या. मशीन सांगू तेवढंच करतं, हे ऐकून हसल्या. “असं मले कोणी भेटलं नाही वं. मी होतो आता मशीन. सांग.”

प्रेमलतानं कागदावरचं वाचलं. मोजायच्या वाटीत एक चिंचोका ठेवा. तिच्यात असतील तेवढे बेरजेच्या वाटीत टाका. मोजायच्या वाटीत पाच झाले की थांबा, नाहीतर पुन्हा टाका. अंजनाबाईंनी एक टाकला, परत एक, परत एक... सातव्यानंतर मान वर केली.

“याच्यात तं एकच आहे. वाढवा म्हणून तू मले सांगतलंच नाही.”

सांगितलं नाही... मोजायच्या वाटीतला चिंचोका दर खेपेला तिच्याच बोटांनी वाढवला होता, गुपचूप — जसं पाहुण्यांपुढे पाणी, मामंजींच्या हाताशी चष्मा. सांगायची वेळ येऊ देऊ नये, हे माहेराहून शिकून आलेली बोटं. म्हणजे डोकं धड होतं. एवढंच होतं होय... कितीतरी दिवसांनी श्वास तळापर्यंत गेला, आणि डोळे उगाच भरले.

तिनं एक ओळ लिहिली.

“वाढवू का आता?”

“वाढवा, आई.”

झोळीत बाळ चुळबुळलं; रडलं नव्हतं अजून. तिचा हात सवयीनं दोरीकडे निघाला, आणि — सांग रे राजा, मी ऐकतेय — वाटेतच थांबला.