गॅलरीत उभा केलेला रॉड

मी एक जुना रॉड आहे. वजनं उचलायचा, व्यायामशाळेतला, भरीव पोलादी रॉड. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, माझं बोलणं तुम्हाला गोड लागणार नाही. ज्याच्यावर वर्षानुवर्षं लोकांनी आपला जोर आजमावला, त्याने गोड कशासाठी बोलायचं? शिवाय मी पुण्याचा आहे.

माझा जन्म कसबा पेठेतला. तिथे एका बोळात दत्तोबा नावाच्या कारागिराचं लेथ मशीन होतं आणि शेजारीच हिंदुराव वस्तादांची व्यायामशाळा. त्यांचा आधीचा रॉड वाकला होता. पोकळ नळीचा होता, वाकणारच. नवीन करायला सांगताना हिंदुरावांनी रंगाबद्दल काही सांगितलं नाही, चकाकीबद्दलही नाही. पोरांच्या अंगावर पडता कामा नये, एवढंच सांगितलं. दत्तोबाने भरीव पोलाद निवडलं, मला सरळ कातलं आणि हात घसरू नयेत म्हणून पकडीच्या जागी बारीक खाचा पाडल्या. त्या खाचा नव्या असताना मऊ हातांची सालटी निघत. ज्यांची निघाली ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मला त्यांची आठवण येत नाही.

व्यायामशाळेत मी पुष्कळ माणसं पाहिली. गणपतीच्या आधी दंड फुगवायला येणारे पाहिले. थंडी पडली की उगवणारे आणि ऊन वाढलं की मावळणारे पाहिले. आरशासमोर उभं राहून माझ्याकडे पाठ फिरवणारे तर ढिगाने पाहिले. मात्र पोलीस भरतीसाठी घाम गाळणारी पोरं मला आदराने हात लावत. त्यांच्यातला एखादा भरती झाला की पेढे घेऊन यायचा आणि जाता जाता माझ्यावर थाप मारायचा. पेढा कधी मला कोणी दिला नाही, पण थाप पोचायची.

हिंदुरावांची मुलगी ऋतुजा. मुलींसाठी त्यांनी सकाळची वेळ ठेवली, तेव्हा गल्लीतली मंडळी कुजबुजली. हिंदुरावांनी त्यांना कुजबुजू दिलं. ऋतुजा माझ्याजवळ आली ती घाई न करता. आधी पाय कसे रोवायचे ते शिकली, मग श्वास कधी धरायचा ते, आणि त्यानंतर वजन. कॉलेजात तिने पदकही आणलं. मी सहसा कोणाची स्तुती करत नाही. तिची करतो.

पुढे हिंदुराव वारले. व्यायामशाळेच्या जागेवर नवी इमारत उभी करायचं ठरलं आणि सामान ज्याला हवं त्याने उचललं. ऋतुजाचं तोवर लग्न झालं होतं, ती बँकेत नोकरीला होती, कोथरूडला राहत होती. तिने टेम्पो आणला. मला आणि माझ्या लोखंडी प्लेट्सना घेऊन गेली.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी मावलो नाही. एक टोक ऋतुजाने खांद्यावर घेतलं, दुसरं वॉचमनने, आणि आम्ही जिना चढलो. तिचा नवरा शुभंकर पुढे चालत होता. तो वजन उचलत नव्हता. भिंतीच्या रंगाला माझा ओरखडा उठतो का, हे बघत होता. मित्रांनो, या माणसाबद्दल माझं मत तेव्हाच बनलं.

वर पोचल्यावर त्याने विचारलं की हे गंजलेलं कुठे ठेवायचं. मला गंज नव्हता. जुन्या पोलादाचा रंग आणि गंज यांतला फरक त्याला ठाऊक नव्हता, इतकंच. शेवटी मला गॅलरीत कोपऱ्यात उभं केलं, केरसुणीशेजारी. माझ्या प्लेट्स कुंड्यांखाली गेल्या. पुढे कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की कठड्यावर आडवा टाकला तर याच्यावर चादरी छान वाळतील. झालं. ऋतुजाला बँक, घर आणि थकवा यांतून वेळ मिळेना. मी ओल्या चादरी पांघरून पडून राहिलो.

मग शुभंकरच्या ऑफिसातल्या कोणीतरी घरात जिम केली आणि तिचे फोटो पाठवले. लगेच शुभंकरलाही जिम हवी झाली. कितीतरी दिवस तो सोफ्यावर लोळून मोबाइलवर व्यायामाचं सामान निवडत होता. निवडत होता म्हणजे काय, तर काळ्यावर लाल पट्टा बरा की राखाडी, आणि पडद्यांना कोणता शोभेल. लोखंड किती जाड आहे, सांधे कसे जोडले आहेत, किती भार सोसेल, असला एकही प्रश्न त्याला पडला नाही.

खोकी आली. गॅलरीच्या काचेच्या दारातून मी सगळं बघत होतो. घडी होणारा एक बेंच निघाला, त्यालाच रॉड टेकवायचे दोन खांब. पत्र्याच्या डब्याला लाज वाटावी इतका पातळ पाइप. जिथे जिथे वेल्डिंग होतं, तिथे भज्याच्या पिठासारखे गोळे आणि त्यांवर काळा रंग. रॉड पोकळ. आणि प्लेट्स बाहेरून प्लास्टिकच्या, आतून सिमेंटच्या. पुण्यात इमारती कमी पडत होत्या बहुतेक, म्हणून व्यायामातही सिमेंट आलं. बायकोसाठी त्याने खास गुलाबी डंबेल्स मागवली होती. ऋतुजाने ती घेतली, वाऱ्याने बेडरूमचं दार आपटायचं, तिथे लावून ठेवली.

बेंचबद्दल मात्र बोलली. तिने एका हाताने खांब धरून हलवला. तो हलला. तिने सांध्यावरून बोट फिरवलं आणि एक फट दाखवली. शुभंकर म्हणाला की याला साडेचार स्टार आहेत, एवढी हजारो माणसं काय वेडी आहेत का.

ऋतुजा म्हणाली, "त्यांनी खोकं उघडल्या दिवशी कौतुक लिहिलंय. सहा महिने वापरून कोणी लिहिलंय का, तेवढं बघ."

त्यावर तो म्हणाला की तुझ्या बाबांच्या तालमीतलं वेगळं असतं, घरात एवढं लागत नाही. म्हणजे वजन कसब्यात जोरात पडतं आणि कोथरूडला अलगद, असं त्याचं शास्त्र असावं.

पहिले काही आठवडे त्याने व्यायामापेक्षा फोटोच जास्त काढले. मग ऑफिसातल्या त्या सहकाऱ्याने जास्त वजनाचा फोटो पाठवला, आणि याने आपल्या रॉडला होत्या नव्हत्या तेवढ्या प्लेट्स चढवल्या. रविवारची सकाळ होती. ऋतुजा गॅलरीत माझ्यावर चादर वाळत घालत होती. आत शुभंकर बेंचवर उताणा झोपून रॉड वर ढकलत होता. कसाबसा ढकलून त्याने तो खांबांवर टेकवला, आणि डावा खांब सांध्यापासून सुटला. रॉड तिरका होऊन छातीवर आला आणि तिथून गळ्याकडे घसरू लागला. शुभंकरने दोन्ही हातांनी तो अडवून धरला होता. तोंडातून आवाज फुटत नव्हता.

ऋतुजाने चादर टाकली. ती धावत आत गेली, त्याच्या डोक्यामागे पाय रोवून उभी राहिली, श्वास धरला आणि रॉड उचलून बाजूला ठेवला. फेकला नाही, ठेवला. मला तिथे पडल्या पडल्या हिंदुरावांची व्यायामशाळा आठवली.

त्याच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले की रॉड थोडा वर आला असता, तर तुम्हाला माझ्याकडे आणायची वेळच आली नसती. शुभंकरने कंपनीकडे तक्रार केली. इतर ग्राहक समाधानी आहेत, असं उत्तर आलं.

मित्रांनो, इथपर्यंत तो माझ्या लेखी नुसता मूर्ख होता. मूर्खपणाचं मला विशेष वाटत नाही, तो रोजचाच आहे. पण पुढे त्याने जे केलं, त्याने मी खरा संतापलो. ऋतुजा बँकेत असताना त्याने एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तो खांब परत चिकटवून आणला, वर काळा रंग मारून घेतला आणि बेंचचा फोटो मोबाइलवर विकायला टाकला. फारसा न वापरलेला, उत्तम स्थितीत, असं लिहिलं. ऋतुजाला त्याने सांगितलं की भंगारात देतोय.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. श्रद्धा नावाची मुलगी आली होती. मूळची यवतमाळची, नोकरीसाठी पुण्यात आलेली, कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी. ऋतुजा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. ही भंगार घ्यायला आलेली नाही, हे तिला श्रद्धाच्या पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. तिचे हात थांबले.

श्रद्धाने बेंचला हात लावून पाहिला आणि साधेपणाने विचारलं, "दादा, कुठे तुटलं-बिटलं नाही ना? मैत्रिणी शिफ्टला जातात. मी रूमवर एकटीच करणार, म्हणून विचारून राहिले."

शुभंकर म्हणाला, "छे. जागा होत नाही म्हणून काढतोय."

ऋतुजा दारात आली. आवाज न चढवता म्हणाली, "शुभंकर, शर्ट वर कर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. श्रद्धा गोंधळून दोघांकडे बघत होती. शुभंकरने आधी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. ते हसू कोणी घेतलं नाही, तेव्हा ते त्याच्याच तोंडावर वाळलं. शेवटी त्याने शर्ट वर केला. छातीवरून खांद्याकडे जाणारा पट्टा अजून काळानिळा होता.

मला वाटलं, आता हा दुसरं काहीतरी कारण सांगेल. पडलो म्हणेल, गाडीवरून घसरलो म्हणेल. पण तो खाली वाकला, वाकताना कळवळला, आणि त्याने त्या रंगवलेल्या सांध्यावर स्वतःच बोट ठेवलं.

"हा इथून सुटला होता," तो म्हणाला. "मी चिकटवून वर रंग मारून घेतलाय. ही नसती तर मी मेलो असतो. तुम्ही हा नेऊ नका."

श्रद्धाने बेंचवरचा हात मागे घेतला. ती खाली बसली. तिने आधी ऋतुजाकडे पाणी मागितलं, ते प्यायली आणि मग म्हणाली, "घरी आई रोज विचारते, नीट राहतेस ना. तिला काय सांगितलं असतं कोणी?"

शुभंकरने पायाने तो बेंच तिच्यापासून लांब सरकवला.

मग ऋतुजाने माझ्यावरची शेवटची चादर ओढली, मला उचललं आणि आत आणलं. श्रद्धासमोर ठेवून म्हणाली, याच्यावर टिचकी मारा, आता त्या नव्या रॉडवर मारा. माझा आवाज भरीव आला. त्या दुसऱ्याचा रिकाम्या पिंपासारखा. श्रद्धा हसली. त्या दिवसातलं ते पहिलं खरं हसू होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्या दोघी सामान बघायला गेल्या. शुभंकर पिशव्या धरायला बरोबर गेला. मी नव्हतो, पण परतल्यावर त्यांच्या बोलण्यातून सगळं कळलं. दुकानदार रंग दाखवत होता, ऋतुजा सांधे बघत होती. तिने खांब धरून अंगाचा भार देऊन हलवले. पाइपाच्या टोकाची टोपी काढायला लावून लोखंडाची जाडी पाहिली. प्लेट काट्यावर ठेवून तोलायला लावली, तर तिच्यावर छापलेलं वजन आणि खरं वजन जुळेना. दुकानदार म्हणाला, मॅडम, एवढं कोणी बघत नाही. तिथून त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दुकानात त्यांना हवे तसे दोन स्टँड मिळाले. दिसायला अगदीच कुरूप आहेत, रॉड हातातून सुटला तर मधेच अडवणारे आडवे दांडे त्यांना आहेत, आणि ते हलत नाहीत. एक श्रद्धाकडे गेला, एक आमच्याकडे आला. फोटोत तो चांगला दिसत नाही, असं शुभंकर एकदाच म्हणाला.

तो बेंच त्याने स्वतः भंगारवाल्याकडे नेला. नुसता टाकून आला नाही. कापून तुकडे होईपर्यंत तिथे उभा राहिला, म्हणजे कोणी उचलून परत रंगवू नये. हे त्याने चांगलं केलं. एवढंच म्हणतो, जास्त म्हणणार नाही.

आता मी हॉलमध्ये असतो. कुंड्यांखालून माझ्या प्लेट्स निघाल्या, ऋतुजाने त्या घासून पुसून तेल लावलं. सकाळी बँकेत जाण्याआधी ती माझ्यापाशी येते. तिचा जोर थोडा कमी झालाय, पाय तसेच घट्ट आहेत. बरगड्या भरून आल्यावर शुभंकरही येऊ लागला. तो मला प्लेट्सशिवाय, नुसताच उचलतो. कोपरं भलतीकडे जातात, श्वास चुकतो. ऋतुजा त्याला थांबवते आणि परत पहिल्यापासून करायला लावते. तो करतो. तोंड पाडून, पण करतो.

मित्रांनो, तुमच्यातले अर्धे जण हे वाचून मोबाइल काढतील आणि पुन्हा लाल पट्ट्याचंच काहीतरी मागवतील, हे मला माहीत आहे. मागवा. पण ज्याच्याखाली झोपणार आहात, ते आधी हलवून बघा, वाजवून बघा, तोलून बघा. चांगलं मिळालं, तर कामाशिवाय उन्हापावसात टाकू नका, त्याच्यावर चादरी वाळवू नका. आणि एवढं करूनही एखादी वस्तू फसवी निघाली, तर फसल्याची लाज वाटून घेऊ नका. ती मोडा, तोडा, भंगारात घाला. फक्त रंग मारून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. तिथे खरंच गळा असतो.