यॅबी उकडल्या त्या दिवशी

लताकाकू पुण्याहून इकडे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीला आल्या की मी भयंकर मांसाहारी होतो. एरवी मी साधा माणूस आहे. वरणभात, अंडं, आठवड्याला एखादी कोंबडी. पण मुलाकडे राहायला म्हणून काकू विमानातून उतरल्या की फ्रीजरमधलं सगळं मटण माझ्या नावावर चढतं. त्यांचा मुलगा हृषिकेश, म्हणजे माझे जीजू, शुद्ध शाकाहारी. सून मंजिरी, म्हणजे माझी ताई, तीही. आणि मागच्या खोलीत राहणारा ताईचा भाऊ तनय एकटा बकरं संपवतो, असा आमच्या घराचा अधिकृत इतिहास आहे.

शिजवायचं अंगणात, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत. काकूंची मालिका सुरू झाली की जीजू "जरा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून येतो" म्हणतात आणि अंगणात उभ्याउभ्या रस्सा पितात. आमच्याइतके बिन अख्ख्या व्हिक्टोरियात कोणी बाहेर ठेवत नसेल.

काकूंना माझी काळजी वाटते. "एवढं मटण जातं कुठे रे बाळा?" म्हणत त्या मला ओवा खायला घालतात. मी खातो. ताईसाठी एवढं तर करायलाच हवं.

शनिवारी ताई ऑफिसमधल्या ग्रेगच्या फार्मवरून बादली घेऊन आली. आत ओल्या गोणपाटाखाली यॅबी. यॅबी म्हणजे इथल्या तळ्यांत राहणारा जीव. अंग कोळंबीचं, नांग्या खेकड्याच्या आणि स्वभाव सोसायटीच्या सेक्रेटरीचा.

"ताई, मला हे चालत नाही. तोंड सुजतं माझं."

"तुझ्यासाठी कुठे आणल्यात?" ताई म्हणाली. "देवगडला चिंबोऱ्या फोडत वाढले मी. इथे स्वतःच्या घरात तुझ्या नावाने जेवते. आज माझ्या नावाने जेवणार."

यॅबी याआधी आमच्यापैकी कोणीच उकडल्या नव्हत्या. ग्रेगने सांगितलं होतं, आधी फ्रीजरमध्ये गार करून झोपवायच्या, मग खळखळत्या खारट पाण्यात सोडायच्या. ताईने त्या एका डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि आम्ही अंगणात शेगडी पेटवायला गेलो. वारा असा सुटला होता की शेगडी पेटायची आणि विझायची. मी आडोशाला छत्री धरली. छत्री शेजारच्यांकडे गेली.

तेवढ्यात खवलेला नारळ काढायला काकूंनी फ्रीजर उघडला. त्या किंचाळल्या वगैरे नाहीत. फ्रीजर शांतपणे लावून त्यांनी हाक मारली, "हृषी, तुमच्या नारळाला मिश्या आल्यात."

आम्ही आत धावलो. काकूंनी विचारलं, "कोणासाठी हे?"

जीजूंनी सवयीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्यासाठी? मागच्या खेपेला चुकून एक कोळंबी खाल्लीन् त्याने, तर हॉस्पिटलात उशाशी कोण बसलं होतं? मी! भोपळा झाला होता पोराचा. डोळे शोधावे लागत होते."

जीजू फ्रीजकडे बघू लागले. फ्रीज काहीतरी बोलेल अशी त्यांना आशा असावी.

"माझ्यासाठी," ताई म्हणाली. पाण्याचं मोठं पातेलं तिने अंगणातून तसंच उचलून आणलं होतं. "मी खाते, आई. पहिल्यापासून खाते. आणि बाहेर वारा आहे, इथेच उकडणार."

"इथे? या गॅसवर?"

"माझाच गॅस आहे ना?"

काकूंनी वाद घातला नाही. एका बर्नरवर दूध ठेवलं, दुसऱ्यावर डाळ, तिसऱ्यावर तवा, चौथ्यावर कढई.

"कढईत काय आहे?" ताईने विचारलं.

"कढई तापतेय."

मला वाफेचा त्रास होईल म्हणून दोघींनी बाहेर हाकललं. मी जाळीच्या दारातून बघत राहिलो. दोघी गॅससमोर उभ्या, कोणी हलेना. जीजू म्हणाले, "आपण राइस कुकरमध्ये ट्राय करायचं का?" दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

मग ताईने कढईखालचा गॅस बंद केला, कढई बाजूला ठेवली आणि पातेलं चढवलं.

"तिथे माझी कढई होती."

"रिकामी होती."

"म्हणून काय झालं?"

पाणी तापेपर्यंत भांडण इतकं लांबलं की ओट्यावर काढून ठेवलेल्या डब्यातली एक यॅबी जागी झाली. ती डब्याबाहेर आली, काकूंच्या हातपुसण्याला नांगी लावली आणि ते घेऊन सिंककडे निघाली.

"मंजिरी, ही उठली."

ताईने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"धर की मग!" काकू कडाडल्या. "मोठी उकडायला निघालीयेस! एवढा वेळ माझ्याशी भांडलीस ती हिला घाबरायला?"

ताईने ती मागून पकडली, चिंबोरी धरतात तशी. हातपुसणं सोडवून काकूंकडे टाकलं, यॅबी परत फ्रीजरमध्ये झोपायला पाठवली आणि बाकीच्या पाण्यात सोडल्या. बघता बघता त्या लालभडक झाल्या. फ्रीजरमधलीची दुसरी झोप झाल्यावर तीही गेली.

ताईने ताट आणलं ते अंगणात नाही, थेट डायनिंग टेबलाच्या मधोमध. समोर काकू स्वतःचा वरणभात घेऊन बसल्या.

जीजू हळूच म्हणाले, "आई, तू सोफ्यावर बसतेस का जरा?"

"का? मी का उठू?"

"मीपण उठणार नाहीये," ताई म्हणाली.

काकूंनी भातावर तूप वाढून घेतलं. ताईने पहिली यॅबी फोडली, मीठ-लिंबू लावून खाल्ली आणि डोळे मिटले. जीजूंचा हात ताटाकडे सरकला. ताईने ताट ओढून घेतलं.

"तनयच्या नावावर आज काही मिळणार नाही."

जीजूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जाळीच्या पलीकडून हात वर केले. मग त्यांनी घसा खाकरला.

"आई, मी पण खातो. सगळंच खातो. तनय बिचारा फारसा खातच नाही."

काकू भात कालवत राहिल्या. बराच वेळ कालवला त्यांनी तो. ताईने ताट पुढे सरकवलं. जीजूंनी एक यॅबी उचलली, दोन्ही हातांनी कडकन मोडली. पाणी टेबलभर उडालं.

"हृषी," काकू ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "टरफलं माझ्याकडे उडवायची नाहीत."

ताईने पुढची नांगी फोडली. जरा मुद्दामच मोठ्याने.