अधिक माहितीसाठी

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे, आणि माझ्या मनात डूख आहे. टाइप केलेला मेणकागद माझ्या रुळावर चढवावा, शाई द्यावी, दांडा फिरवावा. एकासारखी एक प्रत बाहेर पडते. रंगाच्या एका कारखान्यात, प्रसिद्धी विभागाच्या खिडकीशी माझे आयुष्य गेले. वर्तमानपत्रांना जाणारी पत्रके तिथल्या प्रसिद्धी अधिकारी बाई लिहीत आणि मी छापत असे.

बाईंचा शेवटचा साधा दिवस मला लख्ख आठवतो. त्यांची लेक घराची किल्ली न्यायला आली होती. ती कॉलेजात साहित्य शिकवायची. वाचणारी फार, बोलणारी कमी. बाईंनी तिला माझ्या दांड्याला जुंपले आणि आपली विद्या सांगितली. बातमी पहिल्याच वाक्यात हवी. संपादकाला शोधायला लावली की कागद टोपलीत. कोण, काय, कुठे, कधी हे आधी. विशेषण दिसले की समजावे, काहीतरी झाकले आहे. एका तरी माणसाचे बोलणे त्याच्याच तोंडचे, त्याला विचारून घ्यावे. आणि तळाशी उत्तर देणाऱ्याचे नाव व फोन. म्हणून तर कारखान्याच्या कोऱ्या पत्रकांवर 'अधिक माहितीसाठी' बाईंच्या घरचाच नंबर छापलेला असे.

"आई, याला लेखन म्हणत नाहीत गं," लेक म्हणाली.

"नसतील म्हणत. पण तुझ्या कवितांपेक्षा माझंच जास्त छापून येतं."

दोघी हसल्या. लेक किल्ली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मालाच्या लिफ्टचा दोर तुटला. जिना दुरुस्तीला काढल्यापासून माणसेही त्यातूनच ये-जा करत. बाई त्यात होत्या.

अपघाताचे पत्रक कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी स्वतः लिहिले. त्याची सुरुवात कारखान्याच्या उज्ज्वल परंपरेपासून होती. बाईंचे मरण चौथ्या परिच्छेदात होते, आणि तेही 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. ते माझ्याच रुळावर चढवले. दांडा दुसऱ्याच्या हाती असला की आमचे काय चालते? मी प्रत्येक प्रत दात खाऊन बाहेर टाकली.

मग नवे यंत्र आले. मला भंगारात घालण्याऐवजी साहेबांनी औदार्य दाखवले, 'आईची आठवण' म्हणून त्या मायलेकींच्या घरी पोचवले. धोंडा त्यांनी आपल्याच पायावर पाडून घेतला.

दुसरा धोंडा आधीच पडला होता. विशेषणे जुळवण्याच्या नादात साहेबांनी कोऱ्या पत्रकाचा तळ पाहिलाच नव्हता. एका उपसंपादकाचा फोन थेट मेलेल्या बाईंच्या घरी आला. अपघाताची अधिक माहिती कोण देईल, असे तो विचारत होता.

लेकीने पेन उचलले. "मी देईन," ती म्हणाली. "लेखी देते."

पहिल्या मसुद्यात तिने साहेबांना खुनी, निर्दय, नीच असे सगळे म्हणून घेतले. मला तो मसुदा फार आवडला. तिने मात्र एकेक विशेषण खोडले. उरले एक वाक्य: झिजलेला दोर न बदलल्यामुळे लिफ्ट कोसळून प्रसिद्धी अधिकारी महिलेचा मृत्यू झाला. दोराची कुजबुज तिच्या कानावर आली होती; खात्री करायला ती लिफ्टवाल्याकडे गेली. नोकरी जाईल हे त्याला कळत होते. तो बराच वेळ चहा ढवळत बसला, आणि म्हणाला, "लिहा. दोर झिजलाय असं मी साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, महिना काढ. माझ्या नावासकट लिहा."

तळाशी तिने स्वतःचे नाव घातले आणि दांडा हातात घेतला. इतके सुबक मी कधी छापले नव्हते.

एकाही वर्तमानपत्राने शब्द बदलला नाही. तपासनीस आले, लिफ्टला टाळे लागले, साहेबांना घरी बसवले. मला आनंद झाला, मित्रांनो. खोटे का बोलू? तुम्ही यंत्रांना तेल देत जा, झिजलेले दोर वेळेवर बदला. आणि आपल्या माणसाच्या कामाला चांगले म्हणायचे असेल, तर ते त्याला ऐकू येते आहे तोवर म्हणा.

परवा साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "हे तुम्हाला लिहून कोणी दिलं? वकिलाचं नाव सांगा."

"वकील नाही. आईने शिकवलं," लेक म्हणाली. तिचा हात माझ्या दांड्यावर होता. "माझी आई लेखिका होती, साहेब. मी तिला हे एकदाही म्हटलं नाही. आता तुम्ही ऐका."