सरांचा एकच प्रश्न

मुकुंदवाडीच्या कबड्डी संघात डोक्याला मार बसलेल्या पोरीला सर एकच विचारायचे, "स्कोअर किती?" मागून मैत्रिणी हळूच उत्तर पुरवायच्या आणि पोर पुन्हा मैदानात उतरायची. करुणानं असे तीन मार पचवले होते. गेल्या महिन्यात तिचा एमआरआय साफ आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फोटोत दिसत नाही म्हणून मेंदू बरा आहे असं समजू नकोस." सरांनी मात्र तोच रिपोर्ट नाचवत तिला खेळवलं.

आज चौथ्यांदा डोकं आपटलं. डोळ्यांपुढं दोन-दोन सर उभे राहिले.

"स्कोअर किती?"

मागून कुजबुज आली, "बावीस-अठरा."

"माहीत नाय," करुणा म्हणाली.

सर खेकसले, "अगं, पोरी सांगतायत की मागून! ऐकू येत नाय का?"

"येतंय की! पण डोकं त्यांचं शाबूत हाय, माझं नाय."