एलीमची विहीर

रुखमाबाईला गोष्ट तोंडपाठ होती. दर फेब्रुवारीत, गावाच्या स्थापनादिनी, चर्चसमोरच्या मांडवात उभी राहून ती चाळीस वर्षं तीच सांगत आली होती. शंभर वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात नऊ घरं ख्रिस्ती झाली. गावानं त्यांचं पाणी तोडलं, दुकान बंद केलं आणि शेवटी वेशीबाहेर काढलं. एका गोऱ्या पाद्र्यानं सरकारात शब्द टाकून त्यांना या जंगलात जागा मिळवून दिली. पोरं कडेवर घेऊन, तहानेनं अर्धमेली होऊन ती माणसं इथं पोचली. आणि बघतात तर काय, निर्मनुष्य रानात दगडी विहीर, आत काचेसारखं पाणी, काठावर दोर, आणि तो दोरसुद्धा ओला! देवानं आपल्या माणसांसाठी विहीर तयार ठेवली होती. बायबलात मिसरातून निघालेल्यांना एलीम नावाच्या जागी असंच आयतं पाणी मिळालं होतं, म्हणून गावाचं नाव एलीम.

'दोर ओला' म्हटलं की अख्खा मांडव 'आमेन' म्हणायचा. तो ओला कुणी केला, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. भक्तीचं हे एक बरं असतं. रुखमाबाईनं मात्र दहा वर्षांची असताना विचारलं होतं, तेव्हा त्या नऊ घरांतून आलेल्या याकोब आज्यानं तिच्या कानाखाली वाजवली होती. आजा पोरांवर हात उगारणारा नव्हता. म्हणून ती चपराक तिला बरोबर कळली, आणि मग तिनं ते पुन्हा कधी मनात येऊ दिलं नाही.

मांडवाच्या शेवटच्या रांगेत दरवर्षी सोमारी असायची. कोसभरावरच्या गोंड टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, रुखमाबाईच्याच वयाची. दोघी उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला बरोबर जात.

यंदा जंगलजमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा दाखला, मिळवण्यासाठी वनहक्काचे दावे निघाले. विहिरीभोवतीची जमीन एलीमनं मागितली आणि टोल्यानंही मागितली. टोल्याचं म्हणणं होतं, आमचं गाव तिथंच होतं. एलीमची माणसं आली त्याच सकाळी गोऱ्यांच्या शिपायांनी आम्हाला तिथून हाकललं. कागद कुणाकडेच नव्हता. चौकशीचे साहेब सभा घेऊन जुन्या माणसांचे जबाब लिहून घेणार होते, आणि एलीममध्ये आज्याच्या तोंडून ऐकलेलं माणूस एकच उरलं होतं, रुखमाबाई.

सभेच्या सकाळी लेक खुशाल तिच्यापुढं येऊन बसला.

"माय, ते तयार विहिरीचं आज सांगू नको."

"काऊन? चाळीस वर्ष तेच सांगून राह्यली ना मी."

"तयार होती म्हनजे आंधी कोनीतरी खनलीच असन ना! टोल्यावाले तेच धरून बसले. आज्यानं खनली म्हन. बस."

"अन् देवाचं काय?"

"देवाले पट्टा नाई लागत, माय. आपल्याले लागते."

रुखमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या चमत्काराच्या जिवावर चार पिढ्यांनी मान ताठ ठेवली, तो या पोरानं चहा पिता पिता उकिरड्यावर फेकला. पण खुशालचं धान विहिरीलगतच्या बांधीत, म्हणजे भातखाचरातच होतं. खरं बोललं तर बांधी जाणार. ती लुगडं बदलायला उठली.

सभेला दोन्हीकडची माणसं आली होती. सोमारी पुढं बसली होती, अगदी निवांत. चाळीस वर्षं जे भर मांडवात बोलली, ते बाई आज कशी फिरवेल, अशा खात्रीनं ती बसली होती.

"आजी, विहीर कुणी खणली?" साहेबांनी विचारलं.

"माह्या आज्यानं."

"नक्की?"

"नक्की. आठ महिने लागले."

आठ महिने कुणी विचारले नव्हते. ते कुठून आले, रुखमाबाईलाच कळलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं. खुशालनं सुस्कारा सोडला. एलीमची माणसं जमिनीकडे बघत बसली. आमेन कुणी म्हटलं नाही. तिनं सही केली तेव्हा तिला स्वतःची किळस आली, आणि बांधी वाचली म्हणून बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

सभा उठली. सोमारी भांडेल, शिव्या देईल, अशी तिची तयारी होती. सोमारी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी दरसाली काऊन येत होती, मालूम हाये? तिथं आमचं गाव होतं हे आमचे लोक घाबरून बोलत नोयते. दोर ओला होता, हे भर मांडवात बोलनाऱ्या तुमी एकल्याच होत्या. देवाचं नाव घेऊन बोलत होत्या, पन बोलत होत्या. तेवढंच ऐकाले येत होती."

 रुखमाबाईनं सोमारीचा हात धरला. "सोमारी, माह्यं ऐक तं..."

सोमारीनं हात सोडवून घेतला.

"चाळीस वर्ष ऐकलं, बाई."