बोडिलच्या कृतीचा केक

बोडिलचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. ऑफिसातल्या विलाड्सने लिहिलेल्या माउसच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे माउसचं म्हणणं संगणकाला समजावणाऱ्या प्रोग्राममध्ये, तिला भगदाड सापडलं होतं. माउस जोडला की तो संगणकाला आपलं नाव कळवतो. विलाड्सने त्या नावासाठी बेताची जागा ठेवली होती, पण आलेलं नाव तिथे मावतंय का, हे तपासलंच नव्हतं. एखाद्या भामट्याने खोट्या माउसमधून, आत आज्ञा दडवलेलं लांबलचक नाव पाठवलं, की ते शेजारच्या मेमरीत सांडणार आणि अख्खी सिस्टिम त्याच्या ताब्यात जाणार.

"हा काय रस्त्याकडेचा विक्रेत्याविना चालणारा बटाट्यांचा ठेला आहे? पैशांचा डबा ठेवला आणि लोकांच्या भरवशावर सोडून दिला!" ती कडाडली. "बाहेरून येईल ते आधी मोजायचं, मग ओतायचं!"

विलाड्सने दुरुस्ती केली. डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरातल्या त्या ऑफिसात रिवाजच होता: ज्याची चूक सापडेल, त्याने शुक्रवारी केक करून आणायचा. विलाड्सला अंडंही धड उकडता येत नसे, म्हणून बोडिलनेच त्याला आपली कृती लिहून दिली.

शुक्रवारी केक टेबलावर आला. मधोमध खड्डा, कडा करपलेल्या.

"अर्धं मिश्रण ओव्हनमध्येच उतू गेलं," विलाड्स म्हणाला.

"जाणारच! ती कृती वीस जणांची आहे. भांडं केवढं ते नाही बघितलंस? अरे, काय शिकवलं होतं मी? बाहेरून येईल ते..."

"पण बोडिल, तू बाहेरची कुठे आहेस?"

बोडिलने सुरी उचलली. मग तिने सगळ्यात करपलेला तुकडा स्वतःच्या ताटलीत घेतला.