मुद्दाम घेतलेले पिवळे कार्ड

सामना खिशात पडला होता. तीन गोलांची आघाडी, समोरचा संघ दमून पाय ओढू लागलेला, आणि प्रेक्षकांतले निम्मे लोक गर्दी टाळण्यासाठी आधीच बाहेर पडलेले. अशा वेळी कप्तान डाव्या कडेला आला, बाटलीतले पाणी दोन घोट प्यायला आणि ती खिळ्याच्या हातात देताना ओठ फारसे न हलवता म्हणाला, "एक पिवळं घेऊन टाक."

खिळा हा संघाचा डावा बचावपटू. समोरच्या खेळाडूला एकदा चिकटला की निघत नाही, म्हणून हे नाव. खरे नाव आता पगारपत्रकापुरते उरले होते. कप्तान हा त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मैदानावर त्याला तो कप्तान म्हणे, मैदानाबाहेर दाजी.

"आत्ता?"

"मग काय घरी गेल्यावर? सर सांगतायत. पुढचा सामना लिंबूटिंबूंशी आहे, तो तुझ्यावाचून उरकू. शेवटच्याला तू पाहिजेस."

आशियातल्या पात्रता फेरीचा हा शेवटचा टप्पा होता. गटात सहा देश. प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. अखेरीस तक्त्यात जे पहिले दोन असतील ते जगाच्या स्पर्धेला जाणार, उरलेल्यांनी ती घरी बसून टीव्हीवर बघायची. खिळ्याच्या देशाने अशी बघण्यात पिढ्या घालवल्या होत्या. यंदा मात्र दुसरी जागा डोळ्यांना दिसू लागली होती, आणि ती दिसू लागल्यामुळेच सर्वांना अतिशहाणपण सुचत होते.

नियम तसा साधा. वेगवेगळ्या सामन्यांत मिळून दोन पिवळी कार्डे झाली की पुढचा एक सामना बाहेर बसायचे. बसून झाले की पाटी कोरी. खिळ्याच्या नावावर एक कार्ड आधीचे होते. दुसरे पुढच्या सामन्यात मिळाले असते तर निर्णायक सामना हुकला असता. तेव्हा ते आजच घ्यावे, दुबळ्या संघाशी गाठ असताना बाहेर बसावे आणि शेवटी स्वच्छ होऊन उतरावे, असा प्रशिक्षकांचा हिशेब होता. कार्ड असे ठरवून घेणे हाही गुन्हाच. उघडकीस आले तर सांगणारा आणि घेणारा दोघेही शिक्षेला पात्र. म्हणून असल्या गोष्टी फळ्यावर लिहीत नाहीत, पाण्याच्या बाटलीबरोबर देतात.

चेंडू रेषेबाहेर गेला. खिळ्याने तो उचलला, जर्सीला पुसला, फेकण्यासाठी डोक्यावर नेला आणि पुन्हा खाली घेऊन पुसू लागला. रेफरीने शिट्टी वाजवून घाई करायला सांगितले, तशी त्याला बुटाची नाडी आठवली. रेफरी धावत आला, खिशातून पिवळे कार्ड काढून त्याने वर धरले आणि किंचित हसला. ही युक्ती त्याने पुष्कळ देशांत पाहिली असावी.

"नाटकात गेला असतास तर नाव काढलं असतंस," कप्तान जवळून जाताना म्हणाला.

पुढचा सामना खिळ्याने कोट घालून प्रेक्षकांत बसून पाहिला. चार-पाच गोल होतील अशी सर्वांची अपेक्षा होती, एकच झाला. डाव्या कडेला त्याच्या जागी उतरलेला खेळाडू रेषा ओलांडून पुढे जायलाच धजावत नव्हता.

शेवटच्या सामन्यात मात्र खिळा असा खेळला की बघणाऱ्यांनी नखे खाल्ली. एका गोलाची आघाडी सांभाळताना त्याने गोलरेषेवरून चेंडू डोक्याने बाहेर काढला, त्या झेपेत खांबावर आपटला, भुवई फुटली, आणि टाके घालून घेऊन तो परत उतरला. शिट्टी झाली तेव्हा ते जिंकले होते.

पण कोणी नाचले नाही. दुसऱ्या जागेचा दुसरा दावेदार त्याच वेळी दूरच्या शहरात खेळत होता, आणि तो सामना अजून संपायचा होता. संघाच्या मालिशवाल्याच्या मोबाइलभोवती सगळे घामाघूम खेळाडू मधाच्या पोळ्यासारखे लटकले. मालिशवाला एकेक घटना वाचून सांगत होता. मग तो थांबला.

"घातला त्यांनी," तो म्हणाला. "भरपाईच्या वेळेत."

"म्हणजे आता सारखे झालो?" गोलकीपरने विचारले. "गोलांचा फरक बघ की."

फरक सारखा. केलेले गोल सारखे. आपसातले दोन्ही सामने बरोबरीत सुटलेले. पुढे काय बघतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी फुटबॉल महासंघाचे सेक्रेटरी वरच्या खुर्च्यांवरून खाली आले.

"शिस्तीचे गुण धरतात," सेक्रेटरी म्हणाले. "प्रत्येक पिवळ्याला एक वजा. आपण एकाने मागे आहोत."

कपडे बदलायच्या खोलीत नळ गळत होता. प्रशिक्षक फळ्याकडे तोंड करून उभे होते. कोणता खेळाडू बंदीपासून किती कार्डे दूर आहे हे त्यांना वर्षभर तोंडपाठ होते. प्रत्येकाची कार्डे त्यांनी बोटावर मोजली होती. संघाची बेरीज मात्र कधीच केली नव्हती. ते वळले आणि सगळ्यांना वगळून खिळ्याकडे पाहू लागले, जणू टाके घातलेली भुवई त्यांना आत्ताच दिसत होती. खिळ्याने दाजींकडे पाहिले. दाजी बुटाची नाडी सोडत होते. ती सुटून गेल्यावरही ते सोडतच राहिले.

त्याच संध्याकाळी पत्रकारांसमोर प्रशिक्षकांनी एवढेच सांगितले: "तीन गोलांची आघाडी असताना एक खेळाडू वेळ काढत बसला. का, ते त्यालाच विचारा." खापर फोडायला डोके मिळाले होते.

खिळा वीज कंपनीच्या संघातून खेळायचा, म्हणून नोकरीही तिथेच, मीटर तपासणीच्या खोलीत. लांबलचक टेबलावर मीटर ओळीने टांगायचे, वीज सोडायची आणि चकती बरोबर फिरते की नाही ते पाहायचे. ज्याच्यात खोट निघेल त्याच्यावर पिवळी चिठ्ठी. सामन्यानंतर तो कामावर गेला तेव्हा त्याच्या खुर्चीच्या पाठीवर तशीच चिठ्ठी चिकटवलेली होती.

"मनाला लावून घेऊ नकोस," विभागप्रमुख म्हणाले. "पण काढूही नकोस. सगळ्यांनी मिळून लावलीय, उगाच वाईट दिसेल."

परतताना फळवाल्याने केळ्यांची फणी पुढे केली. "पिवळं दिसलं की तुम्ही सोडत नाही म्हणे." दुकानापाशी उभी असलेली माणसे मनमुराद हसली. खिळ्याने केळी घेतली, पैसे दिले आणि सुटे परत घ्यायला तेवढा थांबला. न थांबता गेला असता तर तेही त्यांना हसायला पुरले असते.

दाजी फोन उचलत नव्हते. महासंघाने चौकशी समिती नेमली त्या आठवड्यात ताई मात्र त्याच्या खोलीवर आली. आल्या आल्या पदर खोचून तिने मोरीतली भांडी घासायला घेतली.

"राहू दे ना ताई. बस आधी."

"बसायला नाही आले. किती दिवसांचे कप आहेत हे?"

"दाजी कुठे असतात? माझ्याशी बोलायला जड जातंय का त्यांना?"

"त्यांचं डोकं ठिकाणावर नाहीये." ती पाठमोरीच बोलत होती. "कनिष्ठ संघाचं प्रशिक्षकपद देतायत त्यांना. गुडघा कामातून गेलाय, हे हुकलं तर पुढे काय? तुला सगळं माहितीये."

"म्हणजे मी तोंड उघडायचं नाही."

"असं म्हटलं का मी?"

"मग काय म्हणतेयस?"

तिने कप विसळला, पालथा घातला, दुसरा घेतला. "ते सांगणार आहेत, खेळाच्या भरात झालं. सेक्रेटरींशी बोलणं झालंय, तुला समज देऊन सोडतील. तू फक्त सरांचं आणि ह्यांचं नाव घेऊ नकोस. घेतलंस तर तुम्ही दोघं एकदम जाल. मग मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"आणि समज देऊन नाही सोडलं तर? या वयात दोन वर्षं बाहेर बसवलं तर परत कोण घेणार मला?"

"बसवत नाहीत रे. माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?"

"बाबा असते तर..."

"बाबांचं काढू नकोस," ती चटकन म्हणाली.

त्या दोघांमध्ये वडिलांचे नाव निघाले की एक जिना निघत असे. खिळा पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी, अभ्यास बुडतो म्हणून, त्याचा चेंडू सुरीने फाडला होता. त्याने संतापून त्यांना ढकलले आणि ते जिन्यावरून थेट खालच्या फरशीवर गेले. मनगट मोडले ते पुन्हा नीट वळले नाही. कारखान्यातले जोडाऱ्याचे काम जाऊन त्यांना फाटकावर बसावे लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारल्यावर ताईच पुढे होऊन म्हणाली होती, "शिडीवरून पडले. भिंतीला रंग देत होते." वडिलांनीही मरेपर्यंत तेच सांगितले, आणि पुढे मुलाच्या प्रत्येक सामन्याला येऊन ते डावा हात मांडीवर आपटून टाळ्या वाजवत राहिले. आता जिन्याची गोष्ट जाणणारी दोनच माणसे उरली होती, आणि ती दोघे या खोलीत होती.

"बरं," खिळा म्हणाला. "नाही घेत नाव."

ताईने हात पुसले. जाताना त्याच्या भुवईवरच्या टाक्यांना तिने बोट लावले, पण डोळ्यांकडे पाहिले नाही.

महासंघाचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते. टेबलामागे एक निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या शेजारी सेक्रेटरी. समोर दोन खुर्च्या. एकीवर दाजी, दुसरीवर खिळा. न्यायाधीशांनी आधी कप्तानाला विचारले.

"कार्ड मिळण्यापूर्वी तुम्ही याच्याजवळ गेला होता. चित्रणात दिसतंय. काय बोलणं झालं?"

"पाणी दिलं, साहेब. म्हटलं, डोकं शांत ठेव."

"मग असं का वागला हा?"

खिळा वाट पाहत होता. आता 'खेळाच्या भरात' हे शब्द यायचे होते. दाजींनी टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"स्वभाव, साहेब. घरातलाच आहे, म्हणून बोलायला जड जातं."

"बोला."

"कोणी टोकलं की याचा तोल जातो. रेफरीने घाई कर म्हटलं, हा मुद्दाम थांबला. लहानपणापासूनचं आहे. पंधरा वर्षांचा असताना वडिलांना जिन्यावरून ढकललंय याने. हात कायमचा गेला त्यांचा. घरच्यांनी शिडीवरून पडले म्हणून सांभाळून घेतलं."

सेक्रेटरी लिहीत होते. दाजींचे वाक्य संपण्याआधीच त्यांचे लिहून झाले होते.

खिळ्याला कार्ड आठवले नाही, बंदी आठवली नाही. आठवली ती मोरीवर वाकलेली पाठ. ताई त्या दिवशी विनंती करायला आली नव्हती. द्यायचे ते ती आधीच देऊन बसली होती आणि फक्त त्याचे तोंड बंद असल्याची खात्री करायला आली होती.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" न्यायाधीशांनी विचारले.

सगळे शब्द जिभेवर तयार होते: बाटली, दोन घोट, एक पिवळं घेऊन टाक, सर सांगतायत. वचन समोरच्याने मोडले होते. आता त्याला बांधून ठेवणारे काही नव्हते. त्याने तोंड उघडले.

"वडील शिडीवरून पडले होते," तो म्हणाला.

"मी कार्डाबद्दल विचारतोय."

"भिंतीला रंग देत होते. शिडी घसरली."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमचे मेहुणे सांगतायत ते खोटं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"शिडीवरूनच पडले," खिळा म्हणाला. त्यापुढे कितीही विचारले तरी तो त्या वाक्याला चिकटून राहिला. दवाखान्यात एका मुलीने उच्चारलेले ते वाक्य निदान आपल्या तोंडून तरी त्याला मोडायचे नव्हते.

निकाल तिथेच वाचून दाखवला गेला. संतापी वर्तन, समितीसमोर असत्य कथन, पश्चात्तापाचा अभाव. तीन वर्षे कुठल्याही संघातून खेळण्यास बंदी. सेक्रेटरींनी वाचताना एकदाही अडखळायचे कारण नव्हते, कारण कागद टाइप करूनच आणला होता; 'असत्य कथन' तेवढे त्यांनी आत्ता पेनाने भरले होते. दाजी उठले, खिळ्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे केले आणि मध्येच काढून घेतला.

दोघे बाहेर पडले. लिफ्ट बंद होती. दाजी पुढे, दुखरा गुडघा सांभाळत, एकेक पायरी मोजल्यासारखे उतरत होते. खिळा त्यांच्या मागे. शेवटच्या वळणावर खाली दाराशी ताई उभी दिसली. बराच वेळ तिथे ताटकळत असावी. तिने मान वर करून पाहिले: पुढे नवरा, आणि त्याच्या पाठीशी दोन पायऱ्या वर भाऊ.

काय झालं, असे तिने विचारले नाही. तिचा हात आपोआप पुढे झाला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "थांबा तिथेच. त्याला आधी उतरू द्या."

दाजी कठड्याला धरून बाजूला झाले. खिळा भिंतीच्या कडेने, त्यांना धक्का लागणार नाही असा अंग चोरून, खाली उतरून गेला.